बिरड्याचा रोजा आणि दारफाळणी

बेने इस्रायलांविषयी लिहिणारे बहुतेकजण फुटलेल्या गलबतापासून सुरुवात करतात. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला सात पुरुष आणि सात स्त्रिया लागल्या, पुढे त्यांचा वंश कोकणात पसरला, तेल गाळू लागला आणि शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून 'शनवार तेली' म्हणवला गेला. ही परंपरेतली कथा आहे. ती दोन हजार वर्षांपूर्वीची की त्यानंतरची, हा वाद पंडितांनी घालावा. मला त्यांच्या सणांच्या जुन्या नावांचा पुरावा अधिक बोलका वाटतो.

ही नावे हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या इतिहासात भेटतात. १८९७ मध्ये लिहिलेला हा ग्रंथ छापला गेला तो १९३७ मध्ये, तेल अवीवला. रोश हशाना म्हणजे 'नव्याचा सण', त्यामागोमाग 'खिरीचा सण'. योम किप्पूरला दारे लावून घरात बसायचे, म्हणून तो 'दारफाळणीचा सण' आणि दुसरा दिवस 'शिळा सण'. पेसाहला आंबवलेले वर्ज्य, म्हणून आंबट कालवणाचे मडके झाकून ठेवायचे. तो 'अनशी ढाकायचा सण'. आणि जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन 'बिरड्याचा रोजा'.

आमच्या राईत वाल भिजत घालून मोड आणणे कुणाला नवे नाही. त्या बिरड्याच्या पातेल्याशी जेरुसलेमचा विध्वंस जोडला जातो, आणि 'रोजा' हा शब्द मुसलमान शेजाऱ्यांकडून येतो! प्रार्थनास्थळालाही हे लोक 'मशीद'च म्हणत. १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत बांधलेले पहिले सिनेगॉग 'जुनी मशीद' म्हणूनच ओळखले गेले.

हनुक्का हा सण या समाजाला पूर्वी ठाऊक नव्हता. त्यावरून, तो सण सुरू होण्याआधीच यांचे पूर्वज मायदेशातून निघाले असावेत, असा तर्क केला जातो. मला तो कच्चा वाटतो. न पाळलेला सण विसरलेलाही असू शकतो. मराठी नावांवरून मात्र एक गोष्ट ठामपणे सांगता येते. हा धर्म पुस्तकांवाचून, स्वयंपाकघरातून आणि दारा-उंबऱ्यातून टिकला.

पुस्तके नंतर आली. १८३२ मध्ये जॉन विल्सन या मिशनऱ्याने हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. ख्रिस्ती करण्याचा हेतू फारसा साधला नाही. उलट बेने इस्रायल आपल्या धर्मग्रंथांकडे वळले. १८४६ मध्ये मुंबईत पेसाहची 'हग्गादा' मराठी भाषांतरासह निघाली, १८७४ मध्ये पुण्याला दुसरी. पुण्याच्या प्रतीतल्या चित्रात बिनखमिराच्या भाकऱ्या करणाऱ्या बायका लुगड्यात आहेत. कीर्तनेही आली. मोशे आणि योसेफ यांची आख्याने, आपल्या हरदासी थाटात.

पण हाच मराठीपणा इस्रायलमध्ये आडवा आला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीस तिथल्या मुख्य धर्मपीठाने या समाजाच्या लग्नसंबंधांवर शंका घेतली आणि पूर्वजांची चौकशी लावली. कोकणात ज्यांना कुणी कधी ज्यूपणाचा दाखला मागितला नव्हता, त्यांना तो जेरुसलेममध्ये मागितला गेला. निदर्शने झाली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने त्यांना सर्वार्थाने ज्यू ठरवले. महाराष्ट्राने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा बहुतेक कुटुंबे कधीच स्थलांतरित झाली होती.

घोडबंदर रस्त्याने राईहून ठाणे फार लांब नाही. तिथले 'शआर हशामायिम' सिनेगॉग १८७९चे. एलियाहू हन्नाबीच्या नावाने पोहे, खोबरे, गूळ आणि फळांचा मलिदा ठाण्यात आजही होतो. मात्र मी सणांची नावे विचारली तेव्हा तरुणांनी सगळी हिब्रूतली सांगितली. एका आजींनी 'दारफाळणी' ओळखले, हसल्या, आणि हे कुणी लिहून ठेवलेय का, असे विचारले. केहिमकरांनी ठेवले आहे, पण इंग्रजी ग्रंथात, रोमन अक्षरांत. त्यावरून 'फाळणी' म्हणायचे की 'फळणी', हेही ठरत नाही. आजींनी ते दोनदा म्हणून दाखवले. मी वर लिहिले आहे ते त्यांच्या उच्चाराप्रमाणे.