कलकत्ता विद्यापीठाचे अनुदान-प्रकरण (१९२२–२३) : अध्यापकांची सत्ता आणि संशोधनाचा पैसा

ऑगस्ट १९२२ मध्ये बंगाल सरकारच्या शिक्षणखात्याने कलकत्ता विद्यापीठास अडीच लक्ष रुपयांचे अनुदान देऊ केले. प्रांतिक कायदेकौन्सिलने ही रक्कम मंजूर केली होती आणि विद्यापीठास तिची निकड होती. पदव्युत्तर विभागातील अध्यापकांची वेतने थकली होती, परीक्षकांचे मेहनताने देणे बाकी होते. तथापि रकमेबरोबर अटींची एक यादीही आली. आर्थिक समतोल पूर्ववत साधेपर्यंत विद्यापीठाने खर्च वाढविणारा कोणताही नवा विस्तार हाती घेऊ नये, ही त्यांतील प्रमुख अट होती. हिशेबाची पद्धती आणि त्यावरील सरकारी देखरेख यांविषयीच्या अटी तिच्या जोडीला होत्या. डिसेंबर १९२२ मध्ये सिनेटपुढे हा प्रश्न आला तेव्हा कुलगुरू सर आशुतोष मुखर्जी यांनी केलेले भाषण हिंदुस्थानातील विद्यापीठांच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. स्वातंत्र्यावाचून दुसरे काहीही आपणास नको, दास्याच्या मोबदल्यात मिळणारा पैसा तर नकोच नको, असा त्या भाषणाचा आशय होता. सिनेटने अटींसह अनुदान स्वीकारण्याचे नाकारले.

हा प्रसंग बहुधा एका पुरुषाच्या पराक्रमाची कथा म्हणून सांगितला जातो. 'बंगालचा वाघ' हे आशुतोषांचे बिरुद आणि गव्हर्नर लॉर्ड लिटन यांच्याशी पुढे झडलेला त्यांचा पत्रव्यवहार यांमुळे तसे होणे स्वाभाविकही आहे. परंतु त्यामुळे मूळ वाद झाकला जातो. १९२२ साली पणास लागली होती ती केवळ एका कुलगुरूची प्रतिष्ठा नव्हे. विद्यापीठात काय शिकवावे, कोणत्या विषयात संशोधन करावे आणि त्यासाठी कोणास नेमावे, हे अध्यापकांनीच एकत्र बसून ठरविण्याची जी रीत अवघी पाच वर्षे आधी रूढ झाली होती, तीच धोक्यात आली होती. आणि ही रीत ज्या पैशावर उभी होती, तो पैसा मुळातच डळमळीत होता. या दोन गोष्टी एकत्र पाहिल्यावाचून अनुदान-प्रकरणाचा उलगडा होत नाही.

हिंदुस्थानातील पहिली तीन विद्यापीठे १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या तत्कालीन नमुन्यावर स्थापन झाली. परीक्षा घेणे व पदव्या देणे एवढेच त्यांचे काम होते, अध्यापन महाविद्यालयांकडे होते. साहजिकच विद्यापीठाचा स्वतःचा असा अध्यापकवर्ग नव्हता आणि अध्यापकांच्या सत्तेचा प्रश्नही नव्हता. लॉर्ड कर्झन यांच्या १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना प्राध्यापक नेमण्याचा आणि संशोधनाची सोय करण्याचा अधिकार दिला. पण त्याच कायद्याने सिनेटची सदस्यसंख्या जास्तीत जास्त शंभरावर आणली, त्यांतील बहुसंख्य सभासद कुलपतींच्या नेमणुकीचे ठेवले आणि विद्यापीठाच्या नियमांना सरकारी मंजुरी आवश्यक केली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी वरिष्ठ कायदेकौन्सिलात या विधेयकास जो विरोध केला, त्याचा रोख याच सरकारीकरणावर होता. त्यांची भीती अनाठायी नव्हती, हे १९२२ ने दाखविले. गंमत अशी की, सरकारी पकड घट्ट करण्यासाठी केलेल्या त्या कायद्यातील अध्यापनविषयक एका कलमाचा उपयोग करूनच कलकत्त्यात अध्यापकांची स्वायत्त संस्था उभी राहिली.

आशुतोष हे १९०६ ते १९१४ पर्यंत कुलगुरू होते. ते व्यवसायाने न्यायाधीश आणि वृत्तीने गणिती. परीक्षा घेणाऱ्या संस्थेचे रूपांतर ज्ञान निर्माण करणाऱ्या संस्थेत करावयाचे, हा त्यांचा संकल्प होता. सरकारकडून त्यासाठी फारसे हाती लागले नाही, तेव्हा ते देणगीदारांकडे वळले. कलकत्त्याचे दोन ख्यातनाम कायदेपंडित तारकनाथ पालित (१९१२) व रासबिहारी घोष (१९१३) यांच्या लक्षावधी रुपयांच्या देणग्यांतून विज्ञान महाविद्यालय निघाले. २७ मार्च १९१४ रोजी त्याची कोनशिला बसली. या देणग्यांतून स्थापन झालेल्या अध्यासनांवर हिंदी विद्वानांचीच नेमणूक व्हावी, अशी देणगीदारांची अट होती. अट येथेही होतीच, मात्र तिने विद्यापीठाचा हात बांधला नाही. सरकारी नोकऱ्यांतील वरच्या जागा ज्या काळी हिंदी माणसास दुर्मीळ होत्या त्या काळी तिने नवी दारे उघडली. प्रफुल्लचंद्र राय रसायनशास्त्राचे आणि चंद्रशेखर व्यंकट रामन पदार्थविज्ञानाचे पालित प्राध्यापक झाले. रामन हे तर सरकारी हिशेबखात्यातील वरिष्ठ जागा सोडून १९१७ साली विद्यापीठात आले.

त्याच १९१७ साली पदव्युत्तर अध्यापनाची नवी व्यवस्था अमलात आली. महाविद्यालयांतून विखुरलेले एम्.ए. व एम्.एस्‌सी.चे वर्ग विद्यापीठाच्या छत्राखाली आणण्यात आले आणि कला व विज्ञान या दोन शाखांसाठी दोन पदव्युत्तर अध्यापन मंडळे स्थापन झाली. या मंडळांची रचना विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पदव्युत्तर वर्गांना शिकविणारे अध्यापक हे केवळ त्या नात्याने मंडळाचे सभासद होत. मंडळ आपली कार्यकारी समिती निवडी, विषयवार अभ्यासमंडळे अभ्यासक्रम आखीत, नेमणुकांच्या शिफारशी त्यांच्यामार्फत वर जात. शेवटचा शब्द सिनेटचा आणि काही बाबतींत सरकारचा असला, तरी पहिला शब्द अध्यापकांचा झाला. ज्या देशात विद्यापीठ म्हणजे परीक्षांचे वेळापत्रक असे समीकरण साठ वर्षे चालत आले होते, तेथे हा बदल लहान म्हणता येणार नाही.

या मंडळांनी केलेल्या कामाचा एकच भाग येथे पाहू. तो महाराष्ट्राला जवळचा आहे. सर रामकृष्ण भांडारकरांचे चिरंजीव देवदत्त रामकृष्ण भांडारकर १९१७ साली प्राचीन भारतीय इतिहासाचे कारमायकेल प्राध्यापक म्हणून कलकत्त्यास गेले आणि १९३६ पर्यंत तेथे राहिले. १९१९ पासून देशी भाषा हा एम्.ए.चा विषय झाला. सुरेंद्रनाथ सेन या तरुण व्याख्यात्याने सभासद बखरीचे इंग्रजी भाषांतर करून ते १९२० साली विद्यापीठातर्फे प्रसिद्ध केले आणि १९२३ मध्ये मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवरील आपला ग्रंथ प्रकाशित केला. मराठी कागदपत्रांच्या अभ्यासासाठी बंगालमध्ये जागा निर्माण होणे हे बाजाराच्या मागणीने घडणारे नव्हते. असा विषय शिकू इच्छिणारे विद्यार्थी हातांच्या बोटांवर मोजण्याइतकेच असणार. तो विषय असावा असे अध्यापकांनी ठरविले, म्हणूनच तो होता. सरकारी पत्रातील 'नवा विस्तार नको' या अटीचा अर्थ नेमका येथे कळतो. पैशाच्या दृष्टीने सभासद बखर हाही विस्तारच होता.

आता पैशाकडे वळावयास हवे, कारण अनुदान-प्रकरणातील विद्यापीठाची बाजू सर्वस्वी निर्दोष होती असे म्हणता येत नाही. देणग्यांतून अध्यासने निघाली. पण प्राध्यापकाच्या हाताखालचे व्याख्याते, ग्रंथालय, प्रयोगशाळेचा चालू खर्च, छापखाना यांचा भार विद्यापीठाच्या सर्वसाधारण उत्पन्नावर होता. त्या उत्पन्नाचा कणा म्हणजे परीक्षाशुल्क. मॅट्रिकपासून पुढील परीक्षांना बसणाऱ्या हजारो मुलांच्या शुल्काचा काही हिस्सा पदव्युत्तर अध्यापनाकडे जाई. पूर्व बंगालमधल्या एखाद्या खेड्यातील शेतकऱ्याने मुलाच्या परीक्षेसाठी भरलेल्या रुपयांतून कलकत्त्यात पालीचे किंवा तुलनात्मक भाषाशास्त्राचे वर्ग चालत. निकाल सढळ लावून विद्यापीठ आपले उत्पन्न वाढविते, असा आरोप टीकाकार करीत. तो सर्वांशाने खरा मानण्याचे कारण नाही. परंतु ज्या संस्थेचे संशोधन परीक्षार्थींच्या संख्येवर अवलंबून आहे, तिच्यावर असा आरोप होऊ शकतो, हाच त्या व्यवस्थेतील दोष होय.

हा आधार १९२१ च्या सुमारास खचला. असहकाराच्या चळवळीने परीक्षार्थी घटले. १ जुलै १९२१ रोजी ढाका विद्यापीठ सुरू झाले. तेथे सत्येंद्रनाथ बोस व रमेशचंद्र मजुमदार यांच्यासारखे कलकत्त्यातील अध्यापक गेले. सॅडलर आयोगाने (१९१७–१९) कलकत्ता विद्यापीठाच्या पुनर्रचनेविषयी तेरा खंडांचा अहवाल दिला होता. ढाक्यासंबंधीच्या शिफारशी अमलात आल्या, कलकत्त्याविषयीच्या बहुतांश शिफारशी मात्र पैशाअभावी कपाटात राहिल्या. त्यातच द्विदल राज्यपद्धती आली. शिक्षण हे सोपीव खाते म्हणून हिंदी मंत्र्याकडे गेले, तिजोरीची किल्ली मात्र राखीव बाजूकडे राहिली. मंत्री प्रभासचंद्र मित्र यांच्याकडे जबाबदारी होती आणि पैसा नव्हता. अशा मंत्र्यास खर्चावर नियंत्रण ठेवल्याचे कौन्सिलला दाखविणे भागच असते. विद्यापीठाने आर्थिक विचार न करता विभाग वाढविले, हे कौन्सिलमधील अनेक लोकनियुक्त सभासदांचेही मत होते. 'मॉडर्न रिव्ह्यू'तून यदुनाथ सरकारांनी विद्यापीठाच्या कारभारावर कठोर टीका केली, ती तर सरकारधार्जिणी म्हणून झटकून टाकण्याजोगी नव्हती. शिवचरित्रकार म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले यदुनाथ हिशेबाच्या बाबतीतही कागदाचा पुरावा मागणारेच होते.

सार्वजनिक पैसा घेणाऱ्याने हिशेब द्यावा, याविषयी दुमत असू नये. पण हिशेब मागणे वेगळे आणि कोणता विषय वाढवावा याचा निर्णय आपल्या हाती घेणे वेगळे. बंगाल सरकारच्या पत्राने ही सीमा ओलांडली. पैसा किती व कसा खर्च झाला हे विचारण्याऐवजी पुढे काहीही नवे करू नये असे ते सांगत होते. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये या प्रश्नाचे वेगळे उत्तर दिले गेले होते. तेथे १९१९ साली विद्यापीठ अनुदान समिती स्थापन झाली. सरकारी पैसा मंत्र्याकडून थेट न जाता विद्वानांच्या या समितीच्या सल्ल्याने एकरकमी जाई आणि त्याचा विनियोग ज्याचे त्याने ठरवावा अशी प्रथा पडली. एकाच साम्राज्यात, तीन वर्षांच्या अंतराने, लंडनमध्ये एक रीत आणि कलकत्त्यात दुसरी. स्वतंत्र भारतात अशा मध्यस्थ आयोगाला कायद्याचे अधिष्ठान मिळण्यास १९५६ साल उजाडले.

विद्येसाठी राज्याने पैसा द्यावा, ही कल्पना आपल्याकडे इंग्रजांनी आणली असे नाही. पेशवाईतील दक्षिणा आणि वर्षासने हा तिचाच प्रकार. पेशवाई बुडाल्यावर त्याच दक्षिणेच्या निधीतून १८२१ साली पुण्याची संस्कृत पाठशाळा चालली आणि पुढे महाविद्यालयांत दक्षिणा फेलो नेमले गेले. शब्दांतला फरक मात्र बोलका आहे. 'वर्षासन' घेणाऱ्याच्या योग्यतेची परीक्षा आधी होई आणि नंतर त्याच्या अध्ययनात कोणी डोकावत नसे. 'ग्रँट' या शब्दाबरोबर अटी, अहवाल आणि तपासणी यांचा परिवार आला. पहिल्या पद्धतीत आळसाला वाव होता, दुसरीत हस्तक्षेपाला.

सिनेटमधील वादात प्रफुल्लचंद्र रायांनी आशुतोषांची बाजू घेतली. साठ वर्षे पूर्ण झाल्यावर, म्हणजे १९२१ पासून, ते आपले वेतन विद्यापीठालाच परत देत. त्यांच्या शब्दाला म्हणूनच वजन होते. परंतु ब्रह्मचारी राहून विज्ञान महाविद्यालयाच्याच इमारतीत साधेपणाने वास करणारा आचार्य आणि मुदतीच्या नेमणुकीवर घरसंसार चालविणारा व्याख्याता यांची गोष्ट एक नव्हे. अनुदान नाकारण्याची किंमत प्रत्यक्षात या दुसऱ्या वर्गाने मोजली. चरित्रग्रंथांतून त्यांचा उल्लेख क्वचितच येतो. आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. अध्यापकांची म्हणून जी मंडळे होती, त्यांचे अध्यक्षपद प्रारंभापासून आशुतोषांकडेच राहिले. कुलगुरुपद नसतानाही सूत्रे त्यांच्याच हाती होती. अध्यापकांनी निर्णय घ्यावयाचे, पण त्यांनी कोणता निर्णय घ्यावा हे पुष्कळदा आधीच ठरलेले असे, हा आक्षेप विरोधकांनी घेतला आणि त्यात तथ्य होते. लोकशाही स्वरूपाच्या मंडळाला एकाच समर्थ माणसाची सवय लागली की त्याच्यामागे ते पोरके होते.

संघर्षाचा दुसरा अंक विद्यापीठाच्या घटनेवरून झाला. विद्यापीठाची रचना बदलणारी विधेयके पुढे आली, सरकारी मसुद्यास आशुतोषांनी कसून विरोध केला. २४ मार्च १९२३ रोजी लॉर्ड लिटन यांनी त्यांना पत्र लिहून पुन्हा कुलगुरुपद देऊ केले, मात्र विरोध सोडून सरकारशी सहकार्य करण्याची हमी मागितली. दोन दिवसांनी आशुतोषांनी त्यास सडेतोड नकार दिला. दोन्ही पत्रे वृत्तपत्रांतून गाजली. भूपेंद्रनाथ बसू कुलगुरू झाले. २५ मे १९२४ रोजी पाटण्यास आशुतोषांचे निधन झाले.

त्या गाजलेल्या पत्रांच्या वर्षीच एक घटना फारसा गवगवा न होता घडली. मेघनाद साहा १९२१ साली खैरा अध्यासनावर पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले होते. ताऱ्यांच्या वर्णपटाविषयीच्या त्यांच्या सिद्धांताने युरोपात त्यांचे नाव झाले होते, पण कलकत्त्यात त्यांना ना पुरेशी उपकरणे मिळाली, ना साहाय्यक. १९२३ साली ते अलाहाबाद विद्यापीठात गेले. अध्यासन होते, त्यावरील माणूसही योग्य होता, चालू खर्चाला मात्र पैसा नव्हता. अनुदान नाकारल्यामुळे हे घडले असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण त्या अडीच लक्षांतून नवी प्रयोगशाळा उभी राहणार नव्हतीच. उलट 'विस्तार नको' ही अट पाळून साहांना काय मिळाले असते, हाही प्रश्नच आहे.

खैरा देणगीतूनच निघालेल्या भारतीय भाषाशास्त्राच्या अध्यासनावर १९२२ साली, म्हणजे वाद ऐन भरात असताना, सुनीतिकुमार चतर्जी यांची नेमणूक झाली. लंडनची पदवी घेऊन आणि पॅरिसला झ्यूल ब्लोक यांच्याजवळ अध्ययन करून ते परतले होते. ब्लोक यांचा मराठी भाषेच्या घडणीवरील ग्रंथ १९२० साली निघाला होता आणि बंगालीसाठी तसेच काम करावयाचे, हे सुनीतिकुमारांपुढील उद्दिष्ट होते. भाषाशास्त्राला उपकरणे लागत नाहीत. ग्रंथ, वेळ आणि छापखाना लागतो. हे तिन्ही विद्यापीठाकडे अजून शिल्लक होते. बंगालीच्या उत्पत्तिविकासाचा त्यांचा द्विखंडात्मक ग्रंथ कलकत्ता विद्यापीठाने १९२६ साली छापला. त्याच वर्षी विद्यापीठाचे जुने टीकाकार यदुनाथ सरकार कुलगुरू झाले. पदव्युत्तर विभागाचा खर्च कसा भागवावा, हा प्रश्न त्यांच्याही टेबलावर तसाच येऊन पडला.