पात्यावरचे नाव

मंडळी, चाकू-सुऱ्या जमवणे हा काही आपल्याकडे सभ्य माणसाचा छंद समजला जात नाही. पोस्टाची तिकिटे चालतात, जुनी नाणी चालतात. चाकू म्हटला की कपाळाला आठ्या! आमच्या नात्यातल्या एका तरुणाला हा नाद लागला, आणि घरात बराच ऊहापोह झाला. मी पडलो इतिहासाचा मास्तर. म्हटले, या निमित्ताने चार जुन्या गोष्टी सांगाव्यात.

पात्यांची धास्ती सरकारलाही होती. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा झाला आणि हिंदी माणसाला हत्यार बाळगायला परवाना लागू लागला. गंमत पाहा, दोनच वर्षांनी, १८८० मध्ये, लंडनच्या इंडिया म्युझियममधल्या आपल्या शस्त्रांची सचित्र यादी एगर्टन नावाच्या इंग्रज गृहस्थाने छापली. म्हणजे इथे तलवारीला बंदी आणि तिथे आपल्याच कट्यारी काचेच्या कपाटात, क्रमांक लावून! वाड्यांतून उरलेल्या तलवारी मग बहुतेक खंडेनवमीच्या पूजेपुरत्या राहिल्या.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी मात्र दुसरीच वाट धरली. चष्म्यांचा व्यवसाय करणारा, 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहिणारा हा माणूस १९२० च्या सुमारास जुन्या वस्तूंच्या मागे लागला. गावोगाव हिंडून, पदरचे पैसे मोडून त्यांनी दिवे, दौती, भांडी आणि अडकित्ते गोळा केले. अडकित्ता म्हणजे तरी काय? सुपारी कातरायचे दोन दांड्यांचे पातेच की! पण कारागिराने त्याला कधी पक्ष्याचे रूप दिले, कधी घोड्याचे, कधी माणसाचे. या कामात पत्नी कमलाबाईंची साथ होती. मुलगा राजा सातव्या वर्षी गेला, त्याचे नाव संग्रहालयाला दिले. १९६२ मध्ये सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. आज तिथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. राजेरजवाड्यांची शस्त्रे जपणारे पुष्कळ. ओसरीवरच्या पानाच्या तबकातले पाते जपावे, हे सुचायला केळकरच हवेत.

आता अलीकडची गोष्ट. २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात नागपूरकर पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार निघाली. आपल्या सरकारने ती सुमारे ४७ लाख रुपये खर्चून मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईला आली. पाते युरोपी बनावटीचे, आपण ज्याला फिरंग म्हणतो ते. मग ती रघुजींची हे कशावरून? तर पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत त्यांचे नाव आहे. उलट २०२४ मध्ये लंडनहून साताऱ्याला तीन वर्षांच्या बोलीवर आलेली वाघनखे पाहा. ती शिवछत्रपतींची असल्याचा मजकूर त्यांच्या पेटीवर आहे. पण महाराजांनी वापरली ती हीच, हे सिद्ध करता येत नाही असे ते संग्रहालय स्वतःच म्हणते. पात्याला जिभेसारखे बोलता येत नाही. त्याच्यासाठी कुणीतरी लिहून ठेवावे लागते.

आणि ज्या पात्यांवर नाव नसते त्यांचे काय? फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसे आमच्या शेजारच्या लष्करी छावण्यांत उतरली. त्या वस्तीला १९४९ मध्ये उल्हासनगर नाव मिळाले. त्यांच्या मागे राहिलेल्या स्वयंपाकघरांतल्या सुऱ्यांची यादी कुणी केली असेल? तिकडचे सोडा. आपल्याकडे ओटा आला, उभ्याने स्वयंपाक सुरू झाला, सुरी आली आणि विळी कोपऱ्यात गेली. आमच्या विठ्ठलवाडीत भंगारवाल्याकडे विळ्या वजनावर जातात. तिथे पाटाचे लाकूड आधीच उपटून टाकतात, लोखंडाचे तेवढे पैसे.

माझ्या आईची विळी अजून घरात आहे. धार लावून लावून तिचे पाते मधोमध इतके झिजले आहे की चंद्रकोर वाटावी. पन्नास वर्षांच्या भाज्या, नारळ, लग्नकार्ये त्या खोलगट जागेत आहेत. मी पाटाच्या खालच्या बाजूला तिचे नाव आणि गाव ऑइलपेंटने लिहून ठेवले आहे.

तेव्हा छंद असणाऱ्यांनी तो जरूर करावा. कायदा मात्र पाहून घ्यावा: नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे १९५९ च्या कायद्याच्या नियमांत येतात, घरकामाची आणि शेतीची अवजारे त्यातून वगळलेली आहेत. विकत घेताना भावाआधी विचारावे, हे कुणाचे होते? कुठल्या लोहाराने घडवले? उत्तर मिळाले तर त्याच दिवशी वहीत उतरवावे.

आणि भाचे-पुतण्यांनो, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एखादी विळी, एखादा अडकित्ता निघाला, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला हाक मारा. ते माणूस आहे तोवरच ते नाव मिळणार आहे.