आडव्या थरांतली उभी वाट

सह्याद्रीच्या पश्चिम कड्यातून कोकणात उतरणारी अनोळखी वाट हुडकायची, तर आपण नेमकं काय शोधतो आहोत हे नकाशा उघडण्याआधीच ठरवावं लागतं. हिमालयात वाट शोधणारा खिंड शोधतो, म्हणजे धारेवरची सर्वांत ठेंगणी जागा. सह्याद्रीत हा नियम पुरत नाही. घाटमाथा हे पठार आहे, आणि पठाराच्या काठावर उभं राहिलं की शंभर मीटर इकडे-तिकडे उंचीत फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो काठाखालच्या भिंतीत कुठे खंड आहे यामुळे. तो खंड शोधण्यासाठी दगड कसा बनला हे माहीत असावं लागतं. भटक्यांच्या बोलण्यात भूशास्त्र हौसेचा विषय म्हणून येतं, पण माझ्या मते ते वाटशोधनाचं पहिलं हत्यार आहे.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेले. आज त्यांनी सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. हे थर जवळजवळ आडवे आहेत. एका मोठ्या थराचा छेद पाहिला तर खालचा आणि मधला भाग घट्ट, काळा आणि उभ्या सांध्यांचा असतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असतो आणि त्या छिद्रांत पुढे स्टिल्बाइट, हुलँडाइट, अपोफिलाइट यांसारखे पांढरे-हिरवट स्फटिक भरले गेले. घट्ट भाग सांध्यांवर तुटतो आणि सरळसोट कडा उरतो. सच्छिद्र भाग झिजून उताराचा होतो, त्यावर माती धरते, झाडी वाढते. कड्याच्या पोटात आडवा पसरलेला जो रानाचा पट्टा घाटाखालची माणसं ‘पदर’ म्हणून ओळखतात, तो या झिजेतून तयार होतो.

यातून वाटशोधनाचं मुख्य सूत्र निघतं: आडवं चालणं सोपं, उभं उतरणं अवघड. पदरावरून मैलोन्मैल आडवं मारता येतं, पण एका पदरावरून खालच्या पदरावर जायचं तर मधला कातळटप्पा ओलांडावा लागतो. सगळी मेहनत त्या टप्प्यांसाठी आहे. टप्पा तीन ठिकाणी हार मानतो. सोंड जिथे मुख्य कड्यापासून लांब पुढे आली आहे तिथे झिजेने टप्प्यांचे लहान तुकडे पडलेले असतात. जुनी दरड कोसळून घसाऱ्याने टप्पा झाकला गेला असेल तिथेही वाट मिळते, मात्र असा घसारा स्थिरावला आहे की अजून वाहता आहे ते पाहावं लागतं. झाडी धरलेला बरा, उघडा लाल वाईट. आणि तिसरी जागा म्हणजे नाळ, कड्यातली अरुंद उभी घळ.

नाळ बहुधा एखाद्या उभ्या भेगेवर कोरली गेलेली असते. भेगेत पुढे लाव्हा शिरून थिजला असेल तर तिथे दगडाची उभी भिंत तयार होते. तिला भूशास्त्रात डाइक म्हणतात. ती आजूबाजूच्या थरापेक्षा कणखर असेल तर कुंपणासारखी वर उभी राहते, ठिसूळ असेल तर पाणी तिलाच आधी खाऊन टाकतं आणि नाळ पडते. ओळखायची खूण हातभर अंतरावरून दिसते. लाव्हाचा आडवा थर वरून-खालून थंड होत गेला, म्हणून त्याचे खांब उभे. डाइक दोन्ही बाजूंच्या भिंतींकडून थंड झाली, म्हणून तिचे खांब आडवे, वखारीत रचलेल्या ओंडक्यांसारखे. नाळेच्या तोंडाशी असे आडवे खांब दिसले की ही भेग एका थरापुरती नाही, अनेक थर कापत वर गेली असण्याची शक्यता वाढते. एवढा एक पुरावा मला दहा मीटर दोरापेक्षा मोलाचा वाटतो. अर्थात शक्यता म्हणजे खात्री नव्हे. भेग सलग असली तरी तिच्या आत एखादा घट्ट थर पायरीसारखा उरतो आणि पावसाळ्यात तिथून धबधबा कोसळतो. उन्हाळ्यात तोच कोरडा कातळटप्पा आपल्यासमोर उभा राहतो.

नकाशा हे टप्पे दाखवत नाही, आणि कारण साध्या गणितात आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या नकाशावर दहा मीटर रुंदीची नाळ 0.2 मिलिमीटर भरते. पेन्सिलीची रेघ त्याहून जाड असते. समोच्चरेषा वीस मीटरच्या अंतराने असतील तर पंधरा मीटरचा उभा कातळ दोन रेषांच्या मधे सहज लपतो, आणि वाट अडायला पंधरा मीटर पुष्कळ झाले. उपग्रहाच्या उंचीमापनात एकेक चौकट तीस मीटरची असेल तर नाळ आणि तिच्या दोन भिंती मिळून एकच सरासरी आकडा येतो. अरुंद घळीत आकाशाची नुसती पट्टी उरते, त्यामुळे हातातलं जीपीएसही डगमगतं. म्हणून नकाशावर मी फक्त संशयित जागा ठरवतो: रेषा कुठे आत वळतात, कुठे विरळ होतात, आणि माथ्यावरचं व पायथ्याचं गाव एकमेकांच्या किती जवळ आहे. दोन गावं कड्याने तोडली असली तरी सोयरिकी असतात, बाजार असतो, देवाची जत्रा असते. तिथे वाट असण्याचं कारण आहे.

संशयित नाळ नंतर समोरून पाहायची. वरून फक्त तिचं तोंड दिसतं, खालून पहिला टप्पा मागचं सगळं झाकतो. शेजारची सोंड चढून, नाळेच्या निम्म्या उंचीवरून दुर्बिणीने पाहिलं तर टप्पे मोजता येतात. कडे पश्चिमेकडे तोंड करून आहेत, म्हणून सकाळी ते सावलीत सपाट दिसतात. दुपारी चारनंतर तिरपं ऊन पडलं की प्रत्येक कपारीची सावली उठते आणि भिंत वाचता येते. याच वेळी दोन थरांमधल्या लाल मातीच्या रेघा स्पष्ट होतात. या रेघा मोहात पाडतात, कारण त्यांच्या पातळीवर बऱ्याचदा आडवी कपार असते. पण तो थर मऊ असतो, बाहेरच्या बाजूला कलतो आणि पायाखालून भुगा होऊन सरकतो. दुरून रस्ता दिसलेली कपार जवळ गेल्यावर पाऊलभर उरलेली असू शकते.

गावात विचारायचं, पण नीट. ‘वाट आहे का?’ या प्रश्नाला होकारच येतो, कारण लहानपणी करवंदांसाठी कुणीतरी गेलेलं असतंच. विचारायचं ते असं: मामा, डोक्यावर भारा घेऊन उतरता येतं का? गुरं कुठपर्यंत जातात? बायामाणसं माहेरी याच वाटेने जात होती का? शेवटचं कोण गेलं, आणि कोणत्या महिन्यात? भारा घेऊन जाता येत असेल तर दोन्ही हात मोकळे लागणारा टप्पा त्या वाटेत नाही. गुरं जात असतील तर टप्पाच नाही. महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांतल्या जुन्या माणसांनी ज्या वाटेला निसणीची वाट म्हटलं, तिच्यात कधीकाळी लाकडाची शिडी लावलेली होती हे नावातूनच कळतं, आणि शिडी आज तिथे नसेल हेही गृहीत धरावं लागतं.

इथे साम्रदची सांदण आठवते. अकोले तालुक्यातली ही घळ म्हणजे सह्याद्रीतला एक विलक्षण देखावा. काही ठिकाणी रुंदी जेमतेम काही फूट, दोन्ही बाजूंना ताशीव काळ्या भिंती, मधे गार पाणी. पण तिच्या खालच्या भागात दोर लावून उतरावे लागणारे टप्पे आहेत, आणि पावसात ती पाण्याचा नळ होते. साम्रदहून कोकणात डेहण्याकडे उतरायला माणसांनी वापरला तो शेजारचा करोली घाट. जिथे भूरूप सर्वांत नाट्यमय तिथेच वाट शोधण्याचा आग्रह धरला तर शोध फसतो. उलट नाणेघाट घ्या. तिथल्या नाळेत न ओलांडता येण्यासारखा टप्पा नाही. म्हणून सातवाहनांच्या काळी जुन्नरकडचा व्यापार तिथून कोकणात उतरला, पायऱ्या खोदल्या गेल्या, पाण्याची टाकी झाली, आणि नागनिकेचा शिलालेख असलेलं लेणं घाटाच्या तोंडाशी कोरलं गेलं.

प्रत्यक्ष पाऊल टाकताना अनोळखी नाळ पहिल्यांदा खालून वर जावी असा माझा ठाम आग्रह आहे. चढताना अडलं तर आलेल्या पावली परतता येतं. उतरताना दोर ओढून घेतला आणि पुढचा टप्पा दोरापेक्षा उंच निघाला, तर माणूस मधल्या मधे अडकतो. बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या कुशीतून जाणारी नळीची वाट याचं चांगलं उदाहरण आहे. आधी ओढ्यातले धोंडे, मग अंगावर येणारी नाळ, मधे एकामागून एक कातळटप्पे. तिथे कळतं की दगडाची जात हाताला वेगळी लागते. घट्ट थरात पकड पक्की असते, पण खांबाचा तुकडा सांध्यावर सुटलेला असू शकतो. मुठीने ठोकून आवाज पोकळ आला तर त्यावर भार द्यायचा नाही. स्फटिकांनी भरलेल्या सच्छिद्र थरात खाचा भरपूर, पण त्या बोटांत चुरतात. नाळेत वरच्याने सोडलेला धोंडा खालच्यावर येतो, म्हणून टप्प्यावर एका वेळी एकच माणूस आणि बाकीचे भिंतीच्या आडोशाला. माकडांनी ढकललेल्या दगडांना हा नियम लागू नसतो, तेव्हा कान उघडे हवेत. कपारीला आग्या मोहोळ दिसलं तर तो शोध त्या दिवसापुरता संपला. धूर, अत्तर, आरडाओरडा यांपैकी काहीही तिथे जिवावर बेतू शकतं.

वेळेचा अंदाज पुस्तकी नियमाने करू नये. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये दिलेला हिशोब तीन मैलांना एक तास आणि दोन हजार फूट चढाला आणखी एक तास असा आहे. तो मळलेल्या वाटेसाठी ठीक. धोंड्यांच्या नाळेत तो दुपटीने चुकला तरी नवल नाही, आणि शोध घेताना मागे फिरण्याचा वेळ त्यात मुळीच धरलेला नसतो.

पाणीही थरांशीच बांधलेलं आहे. सच्छिद्र, भेगाळ खडकातून मुरलेलं पाणी खालच्या चिकट लाल थराशी अडतं आणि कड्याच्या पोटात झरा होऊन बाहेर येतं. म्हणून पदराच्या वरच्या कडेला, कातळाच्या मुळाशी, ओलसर शेवाळ आणि हिरवी झाडं शोधावीत. दिवाळीत वाहता दिसलेला झरा फेब्रुवारीत असेलच असं नाही, आणि नेमक्या त्याच काळात नाळा कोरड्या होऊन जाण्याजोग्या होतात. त्यामुळे पाण्याची प्रत्येक नोंद महिन्यासह हवी.

नोंदीत नुसती जीपीएसची रेघ देऊन भागत नाही. प्रत्येक टप्प्याची उंची, दगड घट्ट की चुरणारा, दोर कशाला बांधला, परतीची शेवटची जागा कोणती, झरा कोणत्या तारखेला वाहत होता, हे सगळं लागतं. वाट अभयारण्यातून जात असेल, जशी ती कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसरात जाते, तर वनखात्याच्या परवानगीची अटही लिहावी. शिवाय नोंद वाचणाऱ्याने तिची दोन भागांत फोड करावी. थर, भेगा आणि टप्पे यांची माहिती सहसा अनेक वर्षं टिकते. धोंडे, घसारा, अडकलेले ओंडके आणि त्यांच्यामधून काढलेली वाट यांची माहिती एका पावसाळ्यापुरती असते. जून उलटून गेला असेल तर त्या भागाची पाहणी पुन्हा खालून सुरू करावी लागते.