अंगणांतली शाळा

कल्याणहून मुरबाडमार्गें माळशेज घाटाकडे जाणाऱ्या सडकेवर टोकावडें हें गांव लागतें. पुढें मोरोशीच्या बाजूस भैरवगडाचा सुळका, मागें भातखाचरें, आणि आसपास डोंगरांच्या कुशींत विखुरलेल्या ठाकर, कातकरी व महादेव कोळी यांच्या वाड्या. यांपैकीं एखाद्या वाडींत शिरून तीन-चार वर्षांच्या मुलाला ‘कोठें निघालास?’ असें विचारलें, तर ‘अंगणवाडींत’ हेंच उत्तर यावयाचें. हा शब्द आज सरकारी फलकावर इतका रुळला आहे कीं, तो कोणत्या अडचणींतून निघाला याची आठवण सुशिक्षित घरांतूनहि फारशी उरलेली नाहीं. वस्तुतः तो जुन्या ठाणें जिल्ह्यांतच जन्मला. १ ऑगस्ट २०१४ रोजीं जिल्ह्याचें विभाजन होऊन त्याचें जन्मस्थान पालघर जिल्ह्यांत गेलें आणि टोकावडें ठाण्यांत राहिलें, एवढेंच.

मारिया माँटेसोरी या इटालियन डॉक्टरीणबाईंनीं १९०७ सालीं रोम शहरांतील सान लोरेंझो या दरिद्री वस्तींत आपलें पहिलें बालगृह उघडलें, तें आईबाप कामावर गेल्यावर दिवसभर मोकाट हिंडणाऱ्या मुलांसाठीं. दैवदुर्विलास असा कीं, गरिबांच्या मुलांसाठीं निघालेली ही पद्धति आपल्याकडे रुळली ती प्रथम सुखवस्तु घरांत. तिचीं साधनें रेखीव आणि महाग. विकत घेऊं शकेल त्याच्याच मुलांनीं तीं हाताळावीं! गुजरातेंत गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत बालमंदिर काढून या पद्धतीला देशी वेष चढविण्यास आरंभ केला, आणि १९२३ सालीं त्यांच्या जोडीला ताराबाई मोडक येऊन मिळाल्या.

ताराबाई या प्रार्थनासमाजाचे सदाशिव पांडुरंग केळकर यांच्या कन्या. जन्म १८९२ सालीं, मुंबईंत. १९१४ सालीं त्या बी. ए. झाल्या. राजकोटच्या स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाचें प्रमुखपद त्यांनीं भूषविलें होतें. तें मानाचें स्थान सोडून त्या भावनगरास अडीच-तीन वर्षांच्या मुलांत जाऊन बसल्या. त्या काळीं बालशिक्षण म्हणजे शिकलेल्या बाईनें करावयाचें काम अशी समजूतच नव्हती. १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ सालीं ताराबाईंनीं दादरला शिशुविहार काढला. मुलाला न मारतां शिकवितां येतें, ही गोष्ट मुंबईच्या मध्यमवर्गाला या संस्थेनें पटवून दिली. आज श्रोत्यांपैकीं पुष्कळांना ती सांगावीहि लागणार नाहीं.

परंतु दादरच्या शिशुविहारांत येणारें मूल दूध पिऊन, धुतलेले कपडे घालून, आईचें बोट धरून येई. ज्याला दूध नाहीं, कपडा नाहीं, आणि ज्याची आई पहाटेच रानांत गेली आहे, त्या मुलाचें काय? या प्रश्नाचें उत्तर दादरला मिळण्यासारखें नव्हतें.

तें शोधण्यासाठीं ताराबाईंनीं १९४५ सालीं डहाणू तालुक्यांतील समुद्रकांठच्या बोर्डी या गांवीं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें. तें सालहि ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत त्याच मुलखांतील झरी येथें गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं हजारों वारली जमले आणि यापुढें वेठ करावयाची नाहीं असा निर्धार त्यांनीं केला. लग्नापुरतें कर्ज काढावें आणि त्यापायीं नवरा-बायकोनें सावकाराच्या वाड्यावर वर्षानुवर्षें राबावें. अशांना लोक ‘लग्नगडी’ म्हणत. जेथें आईबापांचाच देह गहाण पडलेला, तेथें मुलाच्या आरोग्याची आणि खेळण्याची गोष्ट कोणी काढावी?

ताराबाईंनीं ती काढली, आणि त्यांच्या सोबतीला होत्या अनुताई वाघ. १९१० सालीं जन्मलेल्या अनुताईंचें लग्न तेराव्या वर्षीं झालें आणि सहा महिन्यांतच त्यांना वैधव्य आलें. पुढें त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि १९४५ सालीं बोर्डीला आल्या त्या १९९२ सालीं मृत्यु येईपर्यंत याच कामांत राहिल्या. ताराबाईंचें नांव घेतांना अनुताईंचें नांव मागाहून घेण्याची रीत पडली आहे. पण सत्तेचाळीस वर्षें एका कामाला चिकटून राहणें हें, तें काम कल्पिण्याइतकेंच दुर्घट असतें.

बोर्डींत बालवाडी उघडली खरी, पण जीं मुलें यावीं म्हणून ती उघडली तींच फिरकेनात. गांवकुसाबाहेरच्या दलित वस्तींतून गांवांत येऊन सवर्णांच्या मुलांशेजारीं बसणें ही त्या काळीं साधी गोष्ट नव्हती. तेव्हां, मुलें शाळेंत येत नसतील तर शाळेनेंच मुलांच्या दारीं जावें, असें या दोघींनीं ठरविलें. वस्तींतील एखादें मोकळें अंगण पाहावें, तें झाडावें, मुलांना गोळा करून त्यांचे हात-पाय धुवावे, केस विंचरावे, नखें कापावीं, आणि मग गाणीं, गोष्टी व खेळ सुरू करावे. बालवाडी ती अंगणांत भरली म्हणून ‘अंगणवाडी’. नांव असें सहज पडलें.

या अंगणांत माँटेसोरीबाईंचीं गुळगुळीत लांकडी साधनें कोठून असणार? समुद्रकांठचे शंख-शिंपले मोजावयास आले. चिंचोके, गारगोट्या, पानें, काड्या, फुलें यांनीं रंग, आकार आणि लहान-मोठेपणा शिकविला. ही नुसती काटकसर नव्हती. ओळखीची वस्तु हातीं आली कीं मूल बिचकत नाहीं. शिवाय तें साधन हरवलें तर उद्यां तें स्वतःच दुसरें वेंचून आणतें. आणि अंगणांत शाळा भरल्यामुळें आणखी एक गोष्ट आपोआप साधली. आया, आज्या, शेजारणी ओट्यावर बसून सर्व पाहूं लागल्या. मुलाचे डोळे कसे पुसावे, खरूज झाली तर काय करावें, हें व्याख्यानाशिवाय त्यांच्या ध्यानांत येऊं लागलें.

१९५७ सालीं हें केंद्र बोर्डीहून वारल्यांच्या वस्तींत, कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें निराळीच अडचण उभी राहिली. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेंत येईना, कारण तिच्या कडेवर धाकटें भावंड. आणि तिचा भाऊ येईना, कारण त्याच्यामागें गुरें. यावर विकासवाडीची योजना निघाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारांत ठेवावयाचीं. म्हणजे तान्हें मूल पाळण्यांत, मधलें बालवाडींत आणि थोरली ताई वर्गांत. गुराख्यांसाठीं कुरणशाळा काढली. गुरें चरतात त्या माळरानावरच शिक्षकानें जावयाचें! घराची दिनचर्या न मोडतां शिक्षण तिच्यांत बसविण्याची ही दृष्टि पुढें सरकारी योजनांतून दिसावी तितकी दिसली नाहीं.

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं भारत सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनिशीं सुरू केली. महाराष्ट्रांत ती मेळघाटांतील धारणीला आली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, दवाखान्यास पाठवणी, आईला आहार-आरोग्याची माहिती आणि शाळापूर्व शिक्षण, अशीं तिचीं सहा अंगें; आणि ज्या ठिकाणीं हीं द्यावयाचीं त्याला नांव दिलें ‘अंगणवाडी’. ताराबाई त्यापूर्वीं दोनच वर्षें, १९७३ सालीं, निवर्तल्या होत्या. आज हा शब्द आसामपासून केरळपर्यंत चालतो.

नांव गेलें, तें सगळा अर्थ घेऊन गेलें काय? वजनकाटा गेला, खाऊ गेला, नोंदवह्या तर ढिगानें आल्या. सहा अंगांपैकीं शिक्षणाचें अंग मात्र सदैव शेवटच्या पानावर राहिलें. यासाठीं अंगणवाडी सेविकेला बोल लावणें न्याय्य नव्हे. सरकारी नोकर न मानतां, मानधनावर तिच्याकडून सहा प्रकारचीं कामें घ्यावयाचीं, ही सरकारचीच रीत. तिला उपदानाचा हक्क आहे हें ठरावयास सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ सालचा निर्णय यावा लागला.

तरीहि खाऊ आणि वजनकाटा क्षुल्लक मानण्याचें कारण नाहीं. १९९२ सालीं याच जुन्या जिल्ह्यांतील जव्हार तालुक्यांत, वावर-वांगणी येथें, कुपोषणानें बालकें दगावलीं आणि सारें राज्य हादरलें. १९९५ सालची नवसंजीवनी योजना त्यानंतरची. सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरांहून कमी भरला तर तें मूल तीव्र कुपोषित समजावें, अशी आज रीत आहे. एवढ्याशा फितीनें जीव वाचतो. मुलाची उपासमार पुष्कळदां आईच्या पोटांतच सुरू होते हें ओळखून २०१५ पासून आदिवासी भागांतील गरोदर व स्तनदा मातांना अमृत आहार योजनेंत रोज एक चौरस जेवण देण्यास आरंभ झाला. टोकावड्याला ग्रामीण रुग्णालयहि आहे. म्हणजे सोय अगदींच नाहीं असें म्हणतां यावयाचें नाहीं.

अडचण आहे ती दिवाळीनंतरची. भात झोडून झालें कीं शहापूर-मुरबाडकडील अनेक कातकरी कुटुंबें मुकादमाकडून उचल घेऊन कल्याण-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जातात, तीं पावसाळ्याच्या तोंडाशीं परततात. नांव वाडीवरच्या अंगणवाडीच्या वहींत, आणि मूल भट्टीवरच्या झोपडींत! जुना लग्नगडी कायद्यानें गेला, पण उचलीचा फास सैल झालेला नाहीं. आणि आईबाप उचलीनें बांधले गेले कीं मूलहि त्यांच्यामागें बांधलें जातें. १९९० नंतरच्या दशकांत वसईकडील विधायक संसद या संस्थेनें भट्ट्यांवरच भोंगाशाळा काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुराची खोपटी. जेथें मूल तेथें शाळा, हा बोर्डीचाच कित्ता.

दिवाळी उलटली कीं टोकावड्याकडील वाड्यांतहि बिऱ्हाडें हलतात. कित्येक झोपड्यांना ताट्या लागतात, अंगणवाडींतलीं मुलें कमी होतात, आणि सेविका वहींत त्यांच्या नांवांपुढें ‘स्थलांतरित’ असा शेरा मारते.