ए-६०४ अल्ट्राड्राइव्ह
क्रायस्लर या अमेरिकी कंपनीचा, पुढची चाके फिरवणाऱ्या मोटारींसाठीचा चार गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स. १९८९च्या मॉडेलांपासून वापरात. पुढे ४१टीई या नावाने ओळख. डॉज कॅरॅव्हॅन, प्लिमथ व्हॉयेजर या गाड्यांत तो असे. गिअर बदलणारे क्लच संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या सोलेनॉइड झडपा हाताळतात. गतिसंवेदक किंवा सोलेनॉइड बिघडला, की संगणक गाडी फक्त दुसऱ्या क्रमांकाच्या गिअरमध्ये ठेवतो. जोर मंदावतो, पण गॅरेज गाठता येते. सोय उत्तम, मात्र हे लक्षण दिसताच गिअरबॉक्स निकामी ठरवणे चूक, आधी संवेदक व वायरिंग तपासावे. कंपनीने नेमलेल्या तेलाऐवजी डेक्सरॉन हे वेगळे तेल घातल्यास टॉर्क कन्व्हर्टरचा क्लच थरथरतो, झीजही वाढते.