सांडस कुणाच्या हाती

आमच्या पेठ वडगावात सेनापती धनाजी जाधवांची समाधी आहे. १७०८ साली ते इथं वारणेकाठी वारले. समाधीपाशी गेलं की लोक तलवारीच्या गोष्टी सांगतात. मी लोहाराची लेक, माझ्या मनात त्या पाती घडवणारे येतात. त्यांना लोखंड लांबून आणावं लागत नसे. विशाळगड, पन्हाळा, भुदरगड या डोंगरपट्ट्यात धावड लोक दगडातून लोखंड गाळायचे. पुढं कोळशासाठी रान उरलं नाही, परदेशी लोखंड स्वस्तात येऊ लागलं आणि एकोणिसाव्या शतकात त्या भट्ट्या विझल्या. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रूळ आले, मग सळ्या आणि पट्ट्या आगगाडीनंच येऊ लागल्या.

लोहार मात्र गावातच राहिला, कारण गावाला तो सोडवत नव्हता. त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ १९१५ मध्ये निघाला, त्यात बलुत्याची सगळी व्यवस्था मांडलेली आहे. लोहार थोरल्या ओळीतला बलुतेदार. वर्षभर फाळ, कुळवाची पास, विळे-खुरपी पाजवायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन पेंढ्या आणायच्या. १९१८ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात बलुतेदारी कायद्यानं बंद केली. कुणीही कुठलाही धंदा करावा, जातीनं कुणाला जखडू नये, हा त्यामागचा विचार. मला हा हुकूम फार मोठा वाटतो. पण आमच्या घरात माझ्या आजोबांच्या हयातीतही खळ्यावरचं धान्य येतच होतं. कागदावर सुटलेला माणूस खळ्यावर बांधलेला राहतो, हे मी घरातच पाहिलंय.

शिकण्याची पायरी ठरलेली असे. आधी भाता. वारा एकसारखा लागला पाहिजे; जोरात ओढला तर कोळसा नुसता जळतो आणि लोखंडावर खवले धरतात. मग घण. अण्णा, म्हणजे माझे वडील, डाव्या हातात सांडस आणि उजव्या हातात लहान हातोडा घेऊन बसायचे. हातोडा जिथं टेकेल तिथं घण पडायचा. त्यांनी हातोडा ऐरणीवर आडवा टेकवला की थांबायचं. तोंडानं एक शब्द नाही. सांडस सगळ्यात शेवटी, कारण सांडस ज्याच्या हातात, तुकडा कधी फिरवायचा आणि कधी परत भट्टीत घालायचा हे तो ठरवणार.

खरी विद्या पाणी देण्यात आहे. कोयता ट्रकच्या जुन्या पाट्याचा करतात, ते पोलाद चांगलं. घडवून झाला की तो लाल करायचा आणि फक्त धार पाण्यात बुडवायची. आता धार काचेसारखी कडक, दगडावर बसली तर टवका उडणार. म्हणून पटकन ती घासून उजळ करायची आणि बघत बसायचं. पाठीतली ऊब धारेकडं सरकते तसे रंग चढतात. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, तेव्हा उष्णता सव्वादोनशे अंशांच्या आसपास असते; मग तपकिरी, जांभळा आणि तीनशेच्या सुमारास निळा. उसाच्या कोयत्याला जांभळा दिसू लागला की पुन्हा पाण्यात. भट्टीतल्या लोखंडाची लाली मात्र उन्हात नीट ओळखू येत नाही, म्हणून आमच्या भट्टीला खिडकी ठेवली नव्हती. येणारे-जाणारे म्हणत, लोहाराचं घर काळोखं. तो काळोख कामाचा होता.

बैलगाडीच्या लाकडी चाकावर धाव, म्हणजे लोखंडी कडं, चढवायच्या दिवशी सुतारही यायचा. धाव चाकापेक्षा जरा लहान करतात. चार मीटर घेराची धाव शेणकुटांच्या आरात पाचशे अंशांनी तापली की जवळजवळ अडीच सेंटीमीटर वाढते. तेवढ्यात ती चाकावर बसवायची आणि पाणी ओतायचं. आवळताना लाकूड कुरकुरतं.

आता मनातलं सांगते. भाता माझ्या आजीनं ओढला, घण माझ्या आईनं मारला. रस्त्याकडेला पाल टाकणाऱ्या घिसाड्यांच्या बायकाही घण मारतात, कडेवरचं पोर खाली ठेवून. एवढं करून सांडस कुठल्याही बाईच्या हाती दिली गेली नाही. १९१८च्या हुकमानं परजातीच्या मुलाला भट्टीचं दार उघडलं, घरातल्या मुलीला नाही. अण्णा फार मायेचे होते, मला रंग ओळखायलाही त्यांनीच शिकवलं. पण घडवायला बसवलं ते माझ्या भावाला.

तोवर गावच्या भट्टीची कामं कमी होत आली होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावला लोखंडी नांगर काढला. लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी आधी तो घेईनात. पुढं तोच नांगर घरोघर गेला. कोल्हापुरात म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांनी इंजिनं बनवली, उद्यमनगर उभं राहिलं, मग शिरोलीची एमआयडीसी. वडगावातून शिरोली जवळ, तरणे हात तिकडं गेले. लोक म्हणतात लोहारकी संपली. मला ते पटत नाही. तापलेल्या धातूचा रंग वाचणारी नजर त्या कारखान्यांनी गावच्या भट्टीतूनच उचलली, आणि तिचा हिशेब कुणी मांडला नाही.

भावानं भट्टी अजून चालू ठेवली आहे. भात्याच्या जागी विजेचा पंखा आला. खंडेनवमीला ऐरणीची पूजा होते आणि गळीत हंगामाच्या तोंडावर कोयत्यांची घाई सुरू होते. गेल्या हंगामापासून पाणी द्यायचं काम त्याची मुलगी करते. तिच्या हातचा कोयता बोथटला किंवा तुटला म्हणून परत आलेला नाही, आणि ऊसतोडीच्या टोळ्यांतल्या बायका आता तिलाच विचारत येतात.