उक्ती, कृती आणि घर : एकोणिसाव्या शतकातील सुधारकांच्या दैनंदिन जीवनातील प्रामाणिकता

प्रस्तावना

माणसाचे विचार आणि त्याचे आचरण यांत मेळ असावा, ही अपेक्षा मराठी समाजाला नवी नाही. संतपरंपरेने बोलणे व चालणे यांच्या एकरूपतेला मोठे महत्त्व दिले. परंतु एकोणिसाव्या शतकात मुद्रणालये, सभा आणि वृत्तपत्रे आल्यानंतर या अपेक्षेचे स्वरूप बदलले. सुधारकाचे मत आता छापून येऊ लागले आणि त्यामुळे त्याच्या घरातील वर्तनाशी ते ताडून पाहणे कोणालाही शक्य झाले. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील काही प्रसंगांच्या आधारे दैनंदिन जीवनातील प्रामाणिकता कशी सिद्ध होत असे व तिची किंमत कोण मोजत असे, याचा विचार केला आहे.

घरातला हौद

महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. शाळा काढणे हे सार्वजनिक कार्य होते, तर पाणी ही घरातील रोजची बाब होती. जातिव्यवस्था धर्मग्रंथांइतकीच पाणी, अन्न व स्पर्श यांच्या नियमांतून टिकून होती. म्हणून हौद खुला करणे म्हणजे व्यवस्थेच्या मुळालाच हात घालणे होते. पुढे फुले दांपत्याने एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत यास दत्तक घेतले. १८६३ मध्ये सुरू केलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहामागील विचार अशा रीतीने त्यांच्या स्वतःच्या कुटुंबात उतरला. या दोन्ही कृतींत सावित्रीबाईंचा वाटा समान होता, हे विसरता येत नाही.

रानडे यांच्यापुढील पेच

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. विष्णुशास्त्री पंडित यांच्या विधवाविवाहाच्या चळवळीत ते सहभागी होते. १८७३ मध्ये त्यांच्या प्रथम पत्नीचे निधन झाले, तेव्हा ते एखाद्या विधवेशी विवाह करतील अशी समाजाची अपेक्षा होती. वडिलांना मात्र नेमकी हीच भीती होती. त्यांनी तातडीने अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह ठरविला आणि रानडे यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकविली. त्या वेळी त्यांचे वय ३१ वर्षांचे होते. या निर्णयाबद्दल त्यांच्यावर टीका झाली व ती निराधार नव्हती.

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये झालेल्या कार्यक्रमात निमंत्रितांना चहा देण्यात आला. काहींनी तो घेतला, काहींनी घेतला नाही. उपस्थितांची नावे वृत्तपत्रात प्रसिद्ध होताच प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. निमंत्रितांत रानडे व लोकमान्य टिळक हे दोघेही होते. पुढे मित्रांची सामाजिक अडचण लक्षात घेऊन रानडे यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. यावरून सुधारकांवर पुन्हा ढोंगाचा आरोप झाला. येथे एक प्रश्न उपस्थित होतो. स्वतःला ज्यात दोष दिसत नाही त्याचे प्रायश्चित्त घेणे अप्रामाणिक खरे. पण आपल्या निष्ठेसाठी मित्रांच्या कुटुंबांना बहिष्कारात लोटणे कितपत योग्य? रानडे यांनी सत्य व स्नेह यांपैकी स्नेहाची निवड केली. ती सर्वांना पटणारी नाही. मात्र तिला केवळ भित्रेपणा म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

कर्वे यांचा विवाह आणि बहिष्कार

धोंडो केशव कर्वे यांनी मार्च १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकणाऱ्या गोदूबाई या बालविधवेशी विवाह केला. विधुर पुरुषाने विधवेशीच विवाह करावा, हे तत्त्व त्यांनी स्वतःला लागू केले. परिणामी मुरूड या त्यांच्या गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला व त्याची झळ घरच्या मंडळींनाही पोहोचली. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. मात्र विधवांच्या शिक्षणाला समाजाचा पाठिंबा मिळावा म्हणून पुनर्विवाहाचा प्रचार त्यांनी आश्रमाच्या कार्यापासून वेगळा ठेवला. ज्याने स्वतः पुनर्विवाह केला, त्यालाही संस्थेसाठी मर्यादा पाळावी लागली, हे लक्षणीय आहे.

किंमत कोणी मोजली?

आजवर या प्रसंगांची चर्चा बहुधा पुरुषांच्या धैर्याची किंवा दुर्बलतेची चर्चा म्हणून झाली. रमाबाई रानडे यांच्या १९१० मध्ये प्रकाशित झालेल्या आठवणी आणि आनंदीबाई (गोदूबाई) कर्वे यांचे आत्मकथन वाचले असता वेगळे चित्र दिसते. पतीच्या तत्त्वाचा व्यवहार घरात पत्नीला करावा लागे. रमाबाईंना पतीकडून शिक्षण मिळाले, परंतु त्याबद्दल घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष त्यांनाच सोसावा लागला. बहिष्काराचा अनुभवही सण, पंगत आणि पाहुणचार यांतून प्रथम स्त्रियांच्या वाट्याला येई.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, प्रामाणिकतेची कसोटी व्यासपीठापेक्षा हौद, चहाचा पेला व विवाह अशा साध्या व्यवहारांत लागते. दुसरी, ती एकदाच सिद्ध करून संपत नाही. तडजोड केलेला मनुष्य पुढेही खरेपणाने वागू शकतो. अकरा वर्षांच्या वधूशी विवाह करणाऱ्या रानडे यांनीच तिला शिकविले आणि पुढे तीच पुण्याच्या सेवासदनाची आधारस्तंभ झाली. अर्थात त्यामुळे १८७३ चा निर्णय योग्य ठरत नाही. तिसरी, व्यक्तीच्या खरेपणाचे मूल्यमापन करताना त्याचा भार कोणी उचलला, हे पाहिलेच पाहिजे. आजही जातीविषयी उदार मते मांडणारे अनेक सुशिक्षित घरातील विवाहाची वेळ आली की वडीलधाऱ्यांकडे बोट दाखवितात. अशा वेळी एकोणिसाव्या शतकातील हा वाद आपल्यापुरता मिटला आहे, असे म्हणता येत नाही.